लिनक्स कर्नल स्वतः बांधून बसवणं, आणि तो उठलाच नाही तर

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. तो कंपाइल करण्यात फारसं कौशल्य नाही. कंपायलर राबतो, पंखा घरघरतो, आपण बघत बसतो. खरा कस लागतो तो पुढे, बूटलोडरनं कर्नल मेमरीत चढवल्यापासून रूट फाइलसिस्टिम (जिच्यावर सगळी सिस्टिम असते ती; पुढे नुसतं ‘रूट’) हाती लागेपर्यंतच्या दोन-चार सेकंदांत. तरीही बहुतेक मार्गदर्शकांत कंपाइलवर पानंच्या पानं असतात आणि शेवटी एकच ओळ: ‘आता रीबूट करा’. इथे प्रमाण उलटं ठेवलं आहे.

आज्ञा, फाइलींची नावं आणि कर्नलचे संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते अर्थातच रोमन अक्षरांत द्यायचे. कॉन्फिगचे पर्याय मोठ्या अक्षरांत, आज्ञा छोट्या. उदाहरणं डेबियन-उबंटू घराण्यातली आहेत. फेडोरा किंवा आर्च जिथे वेगळे वागतात तिथे तसं सांगितलं आहे.

आधी, बांधायची खरंच गरज आहे का?

फक्त नवा कर्नल हवा असेल तर डिस्ट्रोचं (डेबियन, उबंटूसारख्या लिनक्स वितरणाचं) पॅकेज घ्या आणि हा लेख इथेच सोडा. डेबियनमध्ये बॅकपोर्ट्स आहेत, उबंटूत एचडब्ल्यूई आहे. स्वतः बांधायची कारणं मोजकी: एखादा पॅच लावायचा आहे, डिस्ट्रोनं बंद ठेवलेला ड्रायव्हर हवा आहे, किंवा नव्या आवृत्तीत मोडलेली गोष्ट नेमकी कुठे मोडली ते शोधायचं आहे. ‘मशीन वेगवान होतं’ हे कारण यादीत नाही. वापरात नसलेला ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून, म्हणजे गरज पडली तरच कर्नलमध्ये लोड होणारा सुटा तुकडा म्हणून, डिस्कवर पडून असतो. तो काढल्यानं तुमचा ब्राउझर तसूभरही लवकर उघडणार नाही.

आवृत्ती निवडताना ‘लाँगटर्म’ (वर्षानुवर्षं दुरुस्त्या मिळणारी) असं लिहिलेली घ्या. ६.६ ही ऑक्टोबर २०२३ मधली आणि ६.१२ ही नोव्हेंबर २०२४ मधली, दोन्ही त्या प्रकारच्या आहेत. एनव्हिडियाचा बाहेरचा ड्रायव्हर किंवा झेडएफएस ही फाइलसिस्टिम वापरत असाल तर अगदी ताज्या आवृत्तीच्या वाटेला जाऊ नका. ही मॉड्यूल्स कर्नलच्या मूळ सोर्सबाहेर वाढतात, त्यामुळे दर वेळी मागून धावत येतात. रूटच झेडएफएसवर असेल तर मॉड्यूल बांधलं गेलं नाही म्हणजे बूट नाही, इतकं सरळ गणित आहे.

तयारी आणि सोर्स

बिल्ड-इसेन्शियल, बीसी, बायसन, फ्लेक्स, लिबएसएसएल-डेव्ह, लिबेल्फ-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह, ड्वार्व्ह्ज, आरसिंक, डेबहेल्पर. एवढी पॅकेजेस टाका. डीबग माहिती (चुका शोधायला लागणारा जादा मजकूर) चालू ठेवून बांधणार असाल तर २० जीबीहून जास्त जागा मोकळी ठेवा, बंद करणार असाल तर त्याच्या पावपट जागेतही निभावतं.

सोर्स कर्नल डॉट ऑर्गवरून घ्या. सहीची फाइल दाबलेल्या एक्सझेड फाइलची नसते, आतल्या उघड्या टार फाइलची असते. म्हणून आधी एक्सझेड सोडवायचं आणि मग जीपीजीनं सही तपासायची. एक्सझेड फाइलवरच तपासणी चालवून ‘सही चुकीची आहे’ असा गळा काढणारे बरेच भेटतात.

सोर्स आपल्या होम फोल्डरमध्ये उघडा आणि साध्या वापरकर्त्यानं बांधा. ‘सुडो मेक’ लिहायला सांगणारा मजकूर दिसला की तो तिथेच बंद करा. रूटचे, म्हणजे इथे मशीनच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार फक्त बसवताना लागतात. एकदा रूटनं बांधलंत की निम्म्या फाइली रूटच्या नावे होतात, आणि पुढच्या वेळी परवानगीच्या विचित्र चुका येत राहतात.

कॉन्फिग

कोऱ्या पाटीपासून सुरुवात करू नका. अनोळखी माणसाची ‘ऑप्टिमाइज्ड’ कॉन्फिगही उचलू नका, कारण त्याची डिस्क तुमची डिस्क नाही. या क्षणी चालू असलेल्या, म्हणजे तुमच्या हार्डवेअरवर बूट होतो हे सिद्ध झालेल्या कर्नलची कॉन्फिग घ्या:

सीपी /बूट/कॉन्फिग-$(यूनेम -आर) .कॉन्फिग
मेक ओल्डडेफकॉन्फिग

दुसरी आज्ञा नव्या आवृत्तीत वाढलेल्या सगळ्या प्रश्नांची ठरलेली उत्तरं भरून टाकते. ‘मेक ओल्डकॉन्फिग’ चालवून शेकडो वेळा एंटर दाबलंत तरी हेच निष्पन्न होतं.

डेबियन-उबंटूची कॉन्फिग जशीच्या तशी घेतली तर बांधणी थोड्याच वेळात अडते. संदेश येतो की डेबियन फोल्डरातली सर्टिफिकेटची पेम फाइल बनवायचा नियम सापडत नाही. ती फाइल डिस्ट्रोच्या स्वतःच्या सोर्समध्ये असते, तुमच्या नाही. उपाय दोन ओळींचा:

स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --सेट-स्ट्र सिस्टम_ट्रस्टेड_कीज ""
स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --सेट-स्ट्र सिस्टम_रिव्होकेशन_कीज ""

डीबग माहिती ‘मेक मेन्यूकॉन्फिग’नं उघडणाऱ्या मेन्यूत ‘कर्नल हॅकिंग’खाली बंद करा. त्याबरोबर बीटीएफ ही प्रकारांची माहितीही जाते. बीपीएफची (चालू कर्नलमध्ये डोकावणारी) साधनं वापरणाऱ्यांना ते लागतं, बाकीच्यांना नाही. शेवटी लोकलव्हर्जनमध्ये आपली खूण घाला, उदाहरणार्थ ‘-चाचणी१’ (अर्थात रोमन अक्षरांत). ही शोभेची गोष्ट नाही. खूण नसेल तर त्याच आवृत्तीचा दुसरा कर्नल बांधताना पहिल्याची मॉड्यूल्स पुसली जातात, आणि नेमका पहिलाच चालत होता हे नंतर कळतं.

स्क्रिप्ट्स/कॉन्फिग ही स्क्रिप्ट एक पर्याय दुसऱ्यावर अवलंबून आहे का, हे बघत नाही. तुम्ही एखादा ड्रायव्हर ‘वाय’ (कर्नलमध्येच सामील; ‘एम’ म्हणजे मॉड्यूल) केलात, पण त्याला लागणारा दुसरा पर्याय बंद असेल, तर पुढचं ओल्डडेफकॉन्फिग तो ड्रायव्हर चकार शब्द न काढता गाळून टाकतं. म्हणून बदल केले की ओल्डडेफकॉन्फिग पुन्हा चालवा आणि ग्रेपनं .कॉन्फिगमध्ये खात्री करा.

‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’बद्दल. बांधणीचा वेळ यानं खूपच कमी होतो हे खरं, पण ती आज्ञा फक्त या घटकेला लोड झालेली मॉड्यूल्स ठेवते. पेनड्राइव्ह लावलेला नसेल तर यूएसबी स्टोरेज गेलं. व्हीपीएन बंद असेल तर वायरगार्ड गेलं. ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइलींचा डिस्कवरचा भाग) माउंट नसेल तर त्याची फाइलसिस्टिम व्हीफॅट आणि तिच्या जोडीची एनएलएस (अक्षरसंचांची) मॉड्यूल्स गेली. मग बूट अर्ध्यावर जाऊन इमर्जन्सी मोडमध्ये थांबतो आणि माणूस रूट डिस्कला दोष देत बसतो. वापरायचीच असेल तर आधी सगळी उपकरणं जोडा, सगळ्या सेवा एकेकदा चालवा. पहिल्यांदाच बांधत असाल तर वापरू नका.

मेक एमआरप्रॉपर .कॉन्फिगसुद्धा पुसतं. मेक क्लीन पुसत नाही. फरक लक्षात ठेवा.

बांधणी

मेक -जे$(एनप्रॉक) २>&१ | टी बिल्ड.लॉग

जेपुढे आकडा हवाच; इथे एनप्रॉक तो प्रोसेसरच्या संख्येवरून देतं. नुसतं ‘-जे’ लिहिलंत तर मेक अमर्याद कामं एकदम सुरू करतं आणि मशीन मेमरीखाली गाडलं जातं. सीसी१ ‘किल्ड’ झाला असं दिसलं तर तो कंपायलरचा दोष नाही, मेमरी संपली आहे. आकडा निम्मा करा. चूक आली की लॉगची शेवटची ओळ वाचू नका. समांतर कामांत खरी चूक बरीच वर दडलेली असते. जेशिवाय साधं ‘मेक’ पुन्हा चालवलं की तीच चूक तळाशी येऊन उभी राहते.

जीसीसी १५ पासून सी भाषेचं ठरलेलं प्रमाण सी२३ झालं, आणि जुन्या कर्नलमध्ये ‘फॉल्स’, ‘ट्रू’ या नावांवरून बांधणी अडते. कर्नलमध्ये हात घालू नका. त्याच मालिकेतली पुढची दुरुस्ती-आवृत्ती घ्या किंवा जुना जीसीसी वापरा.

बसवणं

सुडो मेक इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ मॉड्यूल्स_इन्स्टॉल
सुडो मेक इन्स्टॉल

हाच क्रम, उलटा नाही. दुसरी आज्ञा कर्नल /बूटमध्ये ठेवते आणि डिस्ट्रोच्या स्क्रिप्टकडून इनिटरॅमएफएस (बूटला लागणाऱ्या फाइलींचं गाठोडं, पुढच्या भागात सविस्तर) बनवून घेते. ती स्क्रिप्ट /लिब/मॉड्यूल्समधून ड्रायव्हर उचलते. तिथे अजून काही ठेवलेलंच नसेल तर ती उचलणार काय? ‘मिसिंग /लिब/मॉड्यूल्स’ असा इशारा येतो, पण तो चूक म्हणून नव्हे तर सूचना म्हणून येतो, काम पुढे सरकतं, आणि रिकामी इनिटरॅमएफएस तयार होते. कित्येक जागी हा क्रम उलटा छापलेला आहे.

स्ट्रिपचा भाग मॉड्यूल्समधली डीबग माहिती छाटतो; ती चालू असेल तेव्हा अत्यावश्यक. तो विसरलात तर इनिटरॅमएफएस काही शे एमबीची होते आणि /बूट भरतं. विंडोजनं बनवलेलं १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन सिस्टमडी-बूट या बूटलोडरसाठी वापरत असाल तर स्ट्रिप करूनही बहुधा मावणार नाही.

डेबियन-उबंटूवर याहून नेटका मार्ग म्हणजे ‘मेक बिनडेब-पीकेजी’. वरच्या फोल्डरात डेब फाइली तयार होतात, त्या डीपीकेजीनं बसवायच्या, नको झाल्यावर एपीटीनं काढायच्या. आरपीएम डिस्ट्रोंसाठी बिनआरपीएम-पीकेजी आहे, आर्चसाठी ६.११ पासून पॅकमन-पीकेजी.

इनिटरॅमएफएस: सगळं घोडं इथेच अडतं

कर्नल सुरू झाला तेव्हा त्याला तुमची डिस्क दिसत नाही. डिस्कचा ड्रायव्हर मॉड्यूल आहे, मॉड्यूल डिस्कवर आहे, आणि डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा. हा पेच सोडवण्यासाठी बूटलोडर कर्नलबरोबर एक छोटं फाइलींचं गाठोडं मेमरीत ठेवतो. कर्नल ते उलगडतो, त्यातला /इनिट हा कार्यक्रम चालवतो, तो गरजेचे ड्रायव्हर लोड करतो, कुलूपबंद डिस्क असेल तर पासवर्ड विचारतो, रूट माउंट करतो आणि बाजूला होतो. ते गाठोडं म्हणजे इनिटरॅमएफएस.

रीबूट करण्यापूर्वी आपल्या रूटची साखळी कागदावर लिहून काढा. चालू सिस्टिममध्ये ‘फाइंडमाउंट /’ चालवा, मग त्या डिव्हाइसवर ‘एलएसबीएलके -एस’, आणि डिस्कच्या कंट्रोलरसाठी ‘एलएसपीसीआय -के’. त्यात ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ समोर ड्रायव्हरचं नाव असतं. उदाहरणार्थ, एखाद्या लॅपटॉपची साखळी अशी निघेल: ईएक्सटी४ (फाइलसिस्टिम), त्याखाली एलव्हीएम (डिस्कची लवचीक विभागणी), त्याखाली डीएम-क्रिप्ट (एनक्रिप्शन), त्याखाली एनव्हीएमई (एसएसडी डिस्क), त्याखाली व्हीएमडी (इंटेलचा कंट्रोलर). यातली एक कडी निसटली तरी बूट नाही. व्हीएमडी ही सर्वांत फसवी कडी. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपांत एनव्हीएमई डिस्क या कंट्रोलरच्या आड बसवलेली असते. एनव्हीएमईचा ड्रायव्हर असूनही व्हीएमडीचा नसेल तर डिस्क अजिबात दिसत नाही, आणि ‘ड्रायव्हर तर आहे की’ म्हणत तासन्‌तास जातात. व्हर्च्युअल मशीनमध्ये याच जागी व्हर्टआयओ-पीसीआय आणि व्हर्टआयओ-बीएलके असतात. एनक्रिप्शन असेल तर डीएम-क्रिप्टबरोबर एक्सटीएस ही एनक्रिप्शनची पद्धतही लागते. ते नसलं की पासवर्ड बरोबर टाकूनही क्रिप्टसेटअप सांगतं, एईएस-एक्सटीएस-प्लेन६४ कर्नलला येतं का ते तपासा.

आता प्रत्येक कडी एक तर कर्नलमध्येच ‘वाय’ असली पाहिजे, नाही तर ‘एम’ असून इनिटरॅमएफएसमध्ये आलेली असली पाहिजे. तपासायचं असं:

एलएसइनिटरॅमएफएस /बूट/इनिटआरडी.आयएमजी-आवृत्ती | ग्रेप -ई एनव्हीएमई -ई व्हीएमडी

फेडोरात हेच काम एलएसइनिटआरडी करतं, आर्चमध्ये एलएसइनिटसीपीआयओ. ‘वाय’ असलेला ड्रायव्हर या यादीत दिसणार नाही. घाबरू नका, तो /लिब/मॉड्यूल्स/आवृत्ती/मॉड्यूल्स.बिल्टइन या फाइलीत शोधा. दोन्हीकडे नसेल तर रीबूट करू नका.

माझं स्पष्ट मत: डिस्कचा कंट्रोलर आणि रूटची फाइलसिस्टिम कर्नलमध्येच ‘वाय’ करून टाका. कर्नल किंचित फुगतो, पण अडचणींचा एक अख्खा वर्ग नाहीसा होतो. ‘सगळं मॉड्यूल ठेवा, तेच स्वच्छ’ हा सल्ला डिस्ट्रो बनवणाऱ्यांसाठी आहे. त्यांना जगातल्या प्रत्येक मशीनवर चालायचं असतं, तुम्हाला एकाच.

यादी बघून झाली की आकार बघा. ‘एलएस -एलएच /बूट’ करून नव्या इनिटरॅमएफएसचा आकार चालत्या जुन्याशी ताडून पाहा. अगदी लहान असेल तर मॉड्यूल्स आली नाहीत किंवा /बूट भरल्यामुळे फाइल मध्येच तुटली. कैक पट मोठी असेल तर स्ट्रिप राहिलं. मग ग्रब या बूटलोडरच्या कॉन्फिगमध्ये नव्या कर्नलच्या नोंदीखाली ‘इनिटआरडी’ने सुरू होणारी ओळ आहे का ते पाहा. ग्रबची यादी बनली त्या वेळी इनिटरॅमएफएस जागेवर नसेल तर ती ओळ येत नाही. मग अपडेट-ग्रब पुन्हा चालवा.

काही खटकलं तर इनिटरॅमएफएस नव्यानं बनवा, आणि आवृत्ती स्वतः लिहा:

सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के आवृत्ती

आवृत्ती कोणती, ते सोर्स फोल्डरात ‘मेक -एस कर्नलरिलीज’ सांगतं. त्या जागी यूनेम -आर वापरू नका. यूनेम या क्षणी चालू असलेल्या कर्नलचं नाव देतं, नव्या नाही. लाइव्ह यूएसबीवरून बूट होऊन, सीएचरूटनं डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरून दुरुस्ती करताना तर तो यूएसबीवरच्याच कर्नलचं नाव देतो.

आधीच बनलेली फाइल असेल तर -सीऐवजी -यू. फेडोरात ड्राकट -एफ आणि पुढे --केव्हर. ड्राकट आणि आर्चचं एमकेइनिटसीपीआयओ हे दोघंही समोरच्या मशीनपुरतेच ड्रायव्हर भरून फाइल लहान ठेवू शकतात. डिस्क दुसऱ्या मशीनला लावणार असाल तर ड्राकटला --नो-होस्टओन्ली द्या, आर्चमध्ये ऑटोडिटेक्ट हा हुक काढा, डेबियनमध्ये इनिटरॅमएफएसच्या कॉन्फिगमध्ये मॉड्यूल्स=मोस्ट आहे ना ते पाहा.

रीबूटच्या आधी

जुना, चालणारा कर्नल काढू नका. /बूट भरलं म्हणून काढायचाच झाला तर सर्वांत जुना काढा. सध्या चालू असलेला कधीही नाही. हे ज्यांना सांगावं लागतं तेच लाइव्ह यूएसबी शोधत फिरतात.

ग्रबचा मेन्यू दिसेल असा ठेवा: ग्रब_टाइमआउट_स्टाइल=मेन्यू, टाइमआउट १० सेकंद. कर्नलच्या कमांडलाइनमधले क्वाएट आणि स्प्लॅश हे शब्द काढून टाका. पहिल्या बूटला सुंदर लोगोची गरज नाही, मजकुराची आहे.

मशीन दूर असेल आणि समोर बसणारं कोणी नसेल तर ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड करा, ग्रब-सेट-डिफॉल्टनं जुना कर्नल कायमचा ठरवा, ग्रब-रीबूटनं नवा फक्त एका खेपेपुरता निवडा आणि नव्याच्या कमांडलाइनमध्ये पॅनिक=१० घाला. कर्नल कोसळला तर १० सेकंदांनी मशीन स्वतःच जुन्यावर परत येतं. दोन अटी मात्र आहेत. /बूट एलव्हीएमवर किंवा बीटीआरएफएसवर असेल तर ग्रबला तिथे लिहिता येत नाही, ‘एका खेपेपुरती’ निवड पुसली जात नाही आणि मशीन त्याच मोडक्या कर्नलवर फिरत राहतं. दुसरं, डेबियनच्या इनिटरॅमएफएसमध्ये पॅनिक=१० दिलं की अडचणीच्या वेळी मिळणारा शेल मिळत नाही, सरळ रीबूट होतो. दूरच्या मशीनवर तेच हवं असतं. समोर बसून दुरुस्ती करताना हा पर्याय काढून टाका.

उठला नाही: पडद्यावर नेमकं काय आहे ते वाचा

‘रूट सापडत नाही’ या एकाच नावाखाली दोन वेगळे आजार खपवले जातात आणि दोघांना एकच औषध सांगितलं जातं. त्यांचा फरक कळला की निम्मं काम संपलं.

पहिला आजार. पडद्यावर शेवटी येतं: ‘कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’. हे वाक्य कर्नल स्वतः बोलतो आहे. रूट माउंट करायचं काम त्याच्यावर आलं याचाच अर्थ इनिटरॅमएफएस वापरलीच गेली नाही. तिच्यातला /इनिट सापडला असता तर कर्नल या भानगडीत पडलाच नसता. तेव्हा ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी गाठोडं कुठे हरवलं ते शोधा. कारणं चारच: ग्रबच्या नोंदीत इनिटआरडीची ओळ नाही, फाइल तुटलेली आहे, बीएलके_डेव्ह_इनिटआरडी हा पर्याय बंद आहे, किंवा फाइल झेडस्टँडर्डनं दाबलेली असून कर्नलमध्ये आरडी_झेडएसटीडी नाही. वरच्या ओळींत ‘ट्राइंग टू अनपॅक रूटएफएस इमेज’ असं दिसलंच नाही तर बूटलोडरनं काही दिलेलंच नाही. ते दिसलं आणि मागोमाग ‘इनिटरॅमएफएस अनपॅकिंग फेल्ड’ आलं तर तुटलेली फाइल किंवा नसलेला डीकॉम्प्रेसर.

कंसातले आकडेही बोलतात. ०,० म्हणजे कर्नलला रूट म्हणून सांगितलेलं डिव्हाइस ओळखताच आलं नाही. इथे आणखी एक मेख आहे: रूट=यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख-क्रमांक) ही भाषा इनिटरॅमएफएसला कळते, एकट्या कर्नलला नाही. त्याला पार्टयूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा क्रमांक, कळतो. त्यामुळे इनिटरॅमएफएस नसेल तर डिस्क दिसत असूनही ०,० येतं. पॅनिकच्या वर कर्नल सापडलेल्या पार्टिशनांची यादी छापतो. ती रिकामी असेल तर कंट्रोलरचा ड्रायव्हर ‘वाय’ नाही. आकडे ८,१ असे असतील तर एसडीए१ सापडलं, पण त्यावरची फाइलसिस्टिम कर्नलला वाचता येत नाही. २५९ने सुरू होत असतील तर बहुधा एनव्हीएमईचं पार्टिशन आहे, दोष तोच.

पॅनिकनंतर मजकूर वर सरकवता येत नाही. तशी सोय ५.९ मध्ये काढूनच टाकली. फोननं व्हिडिओ काढा आणि थांबवत थांबवत वाचा. आणि जर्नलसीटीएलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, हे शोधू नका. डिस्क माउंटच झाली नव्हती, मग नोंद लिहिली जाणार कुठे?

दुसरा आजार. ‘गेव्ह अप वेटिंग फॉर रूट फाइल सिस्टम डिव्हाइस’ असं येऊन कंसात इनिटरॅमएफएस लिहिलेला प्रॉम्प्ट उभा राहतो. फेडोरात ड्राकट-इनिटक्यूच्या टाइमआउटच्या ओळी येतात. इथे गाठोडं पोहोचलं आणि चाललंही, फक्त त्याला डिस्क मिळाली नाही. हा आजार पहिल्यापेक्षा कितीतरी सोपा, कारण हातात शेल आहे. घाबरून बटण दाबून मशीन बंद करू नका, ओळीनं विचारत जा:

कॅट /प्रॉक/पार्टिशन्स. रिकामं असेल तर कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही. ‘मॉडप्रोब एनव्हीएमई’, ‘मॉडप्रोब व्हीएमडी’ करून पाहा. मॉड्यूल सापडत नाही असं उत्तर आलं तर निदान पक्कं झालं.

डिस्क दिसत असेल तर बीएलकेआयडी आणि कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन यांतले यूयूआयडी अक्षर न्‌ अक्षर जुळवा. डिस्क क्लोन केली, पार्टिशन पुन्हा फॉरमॅट केलं, की हे हमखास चुकतं.

यूयूआयडीही जुळत असेल तर कॅट /प्रॉक/फाइलसिस्टिम्समध्ये तुमची फाइलसिस्टिम आहे का ते पाहा. सगळंच जागेवर असेल तर डिस्क उशिरा जागी होते आहे, यूएसबीवरच्या रूटला हे नेहमीचंच; रूटडिले=१० देऊन पाहा. शेलमध्ये हातानं ड्रायव्हर लोड केल्यावर डिस्क दिसली तर ‘एक्झिट’ लिहा, बऱ्याचदा बूट तिथून पुढे सुरू होतो.

दोन्ही आजारांत दुरुस्ती जुन्या कर्नलवर परत जाऊनच करायची. तिसरा आजार दिसायला तसाच पण वेगळा: ‘यू आर इन इमर्जन्सी मोड’. इथे रूट मिळालं आहे. एफएसटॅबमधलं (बूटला माउंट करायच्या गोष्टींच्या यादीतलं) दुसरं काहीतरी, बहुतेकदा /बूट/ईएफआय, माउंट झालं नाही. जर्नलसीटीएल -एक्सबी वाचा. इथे जर्नल खरोखर असतं.

बाकीच्या तक्रारी

ग्रबमध्ये ‘बॅड शिम सिग्नेचर’ आलं तर सिक्युअर बूट चालू आहे आणि तुमच्या कर्नलवर कोणाची सही नाही. स्वतःची किल्ली बनवा, एसबीसाइननं कर्नलवर सही करा, एमओकेयूटिलनं किल्ली नोंदवा आणि पुढच्या बूटला येणाऱ्या निळ्या पडद्यावर ती मंजूर करा. एसबीसाइनला सर्टिफिकेट पेम रूपात लागतं, एमओकेयूटिलला डीईआर रूपात. या अदलाबदलीत वेळ जातो. चाचणीच्या मशीनवर सिक्युअर बूट बंद करणंही चालेल, पण मग ‘तात्पुरतं’ म्हणून बंद केलेलं कायमचं विसरू नका.

काळा पडदा म्हणजे कर्नल मेला असं नाही. कॅप्सलॉकचा दिवा बदलतो का, नेटवर्कवरून पिंगला उत्तर येतं का, ते बघा. दिवा बदलत असेल किंवा उत्तर येत असेल तर दोष ग्राफिक्सचा. ग्रबमध्ये ‘ई’ दाबून नोमोडसेट घाला, आत शिरा आणि डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -२’ शोधा. -२ म्हणजे फाइलच नाही. एएमडीजीपीयू हा एएमडीचा ग्राफिक्स ड्रायव्हर ‘वाय’ केलात आणि फर्मवेअर (उपकरणात भरायची फाइल) इनिटरॅमएफएसमध्ये नसेल तर हे होतंच, कारण ड्रायव्हर रूट माउंट होण्याआधी फर्मवेअर मागतो. ग्राफिक्स आणि वायफायचे ड्रायव्हर मुकाट्यानं ‘एम’ ठेवा. डिस्कबद्दलचा वरचा सल्ला यांना लागू नाही.

‘इन्व्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ किंवा चिन्हाच्या आवृत्तीबद्दल तक्रार आली तर कर्नल एका बांधणीतला आणि मॉड्यूल्स दुसऱ्या बांधणीतली आहेत. मॉड्यूल्स_इन्स्टॉल, इन्स्टॉल, पुन्हा ओळीनं.

डीकेएमएसची (बाहेरची मॉड्यूल्स प्रत्येक कर्नलसाठी बांधून देणारी सोय) मॉड्यूल्स बांधली गेली नाहीत तर ‘डीकेएमएस स्टेटस’ बघा आणि /व्हार/लिब/डीकेएमएसखालचा मेक.लॉग वाचा. बहुधा हेडर्सचं पॅकेज बसवायचं राहिलेलं असतं, किंवा मॉड्यूलच या कर्नलसाठी अजून तयार नसतं. दुसऱ्या बाबतीत करण्यासारखं काही नाही, जुना कर्नल वापरा.

एखादी गोष्ट ६.११ मध्ये चालत होती आणि ६.१२ मध्ये नाही, असं असेल तर अंदाज बांधू नका, गिट बायसेक्ट करा. दोन आवृत्त्यांमध्ये सोळा हजारांपर्यंत बदल असले तरी दर खेपेला निम्मे बाद होत १४ बांधण्यांत दोषी बदल हातात येतो. लोकलमॉडकॉन्फिगला खरी जागा आहे ती इथे, एकदा काळजीपूर्वक बनवून चौदा वेळा वापरायची. मधली एखादी बांधणी भलत्याच कारणानं अडली तर ‘गिट बायसेक्ट स्किप’. अंदाजानं गुड किंवा बॅड म्हणालात तर पुढच्या सगळ्या खेपा वाया.

नको झालेला कर्नल काढायला, पॅकेजनं बसवला असेल तर एपीटी पर्ज. हातानं बसवला असेल तर /बूटमधल्या त्या आवृत्तीच्या चार फाइली, म्हणजे व्हीएमलिनझ, इनिटआरडी.आयएमजी, सिस्टम.मॅप आणि कॉन्फिग, तसंच /लिब/मॉड्यूल्सखालचं त्याचं फोल्डर काढा आणि अपडेट-ग्रब चालवा. आरएमच्या आधी यूनेम -आर एकदा बघून घ्या.